ओढ्यात कार्पेट टाकून ठेवलं तर सोनं अडकेल का?

फोल्समकर
नमस्कार मंडळी. प्रश्न येडचाप वाटेल पण सिरीयसली विचारतोय, हसायचं असेल तर आधी हसून घ्या. मी कॅलिफोर्नियात फोल्समला राहतो, अमेरिकन नदी घरापासून पंधरा मिनिटांवर. गेल्या वर्षी लेकीच्या शाळेची सहल कोलोमाला गेली, तिथे पॅनमध्ये वाळू धुऊन सोनं शोधायला शिकवतात, तेव्हापासून आम्हा बापलेकीला याड लागलंय. पण बर्फासारख्या पाण्यात तीन तास उकिडवं बसायचं म्हणजे कंबरेचं पार भरीत होतं. म्हटलं आपण कशाला राबा, नदीलाच राबवू. गॅरेजमध्ये जुन्या गाडीचे खोबणीवाले रबरी मॅट आहेत आणि जाड केसाळ कार्पेटचा एक तुकडा पडलाय. हे नोव्हेंबरात ओढ्याच्या तळाशी दगडांखाली दाबून यायचं आणि एप्रिलमध्ये जाऊन गुंडाळून आणायचं. पावसाळ्याच्या पुरात (इथला पावसाळा थंडीत असतो) जे वाहत येईल ते अडकेलच की. कोणी करून बघितलंय का? बायकोने कार्पेट द्यायला होकार दिलाय, कारण तिला ते तसंही फेकायचंच होतं.

बेसाल्ट_बुवा
आयडिया वाईट नाही पण सोनं पाण्यातून कसं जातं तेच तुम्ही उलटं धरलंय. सोन्याची घनता १९.३, साध्या गारगोटीची २.६५. हवेत फरक सात पटींचा, पण पाण्याखाली दोघांचंही वजन पाण्याइतकं कमी होतं म्हणजे १८.३ विरुद्ध १.६५, झाले अकरा पट. त्यामुळे सोनं काही पाल्यापाचोळ्यासारखं वरून वाहत येत नाही. मोठ्या पुरात जेव्हा तळाचे धोंडेसुद्धा हलायला लागतात तेव्हाच ते जागचं हलतं आणि तेही खडीच्या खालून, थेट कातळाला चिकटून सरकतं. तुमचं कार्पेट खडीच्या वर, सोनं खडीच्या खाली, भेट व्हायची कशी? वरून जातं ते फक्त पिठासारखं बारीक, पातळ चपटं सोनं.

सिएरा_काकू
अरे मी केलंय हे! इथे कॅलिफोर्नियातल्याच नेवाडा सिटीच्या बाजूला राहतो आम्ही, मैत्रिणीच्या नवऱ्याचा स्वतःचा क्लेम (म्हणजे सोनं काढायचा नोंदवलेला हक्क) आहे तिथल्या ओढ्यावर, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. पाच-सहा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने दोन मॅट लावले, वर चपटे दगड ठेवले, कडेला दोरी झाडाला बांधली. दुसऱ्या दिवशी सहज बघायला गेलो तर सगळ्या खोबण्या खडीने आणि काळ्या वाळूने गच्च. अगदी सिमेंट ओतल्यासारख्या, नखसुद्धा जाईना. म्हणजे पहिल्या काही तासांतच मॅट भरला आणि नंतर जे काय आलं असेल ते गुळगुळीत रस्त्यावरून जावं तसं वरून निघून गेलं. एक तेव्हाच काढून धुतला, सोन्याचे चार-पाच ठिपके मिळाले. दुसरा राहू दिला. फेब्रुवारीत वादळ झालं आणि मार्चमध्ये तो मॅट मला खालच्या वळणावर विलोच्या फांदीवर सापडला, माझ्या डोक्याच्या वर, दोरीसकट. तेव्हा कळलं पाणी कुठवर चढलं होतं.

पण त्याच दिवशी एक गंमत झाली. तिथल्या कातळावर, उन्हाळ्यातल्या पाण्याच्या हातभर वर, हिरवं शेवाळ होतं, गालिच्यासारखं दाट. मैत्रिणीच्या नवऱ्याने ते खरवडून बादलीत घेतलं, चुरून चुरून धुतलं, बादलीच्या तळाशी राहिलेला गाळ पॅन केला, तर आमच्या मॅटपेक्षा जास्त सोनं! पूर आला की पाणी तिथवर चढतं, वरचं बारीक सोनं शेवाळाच्या मुळ्यांत अडकतं आणि पाणी उतरलं की तिथेच राहतं. म्हणजे तुझं कार्पेट नदीने आधीच अंथरून ठेवलंय रे.

गुजरीचा_नातू
काकू भारी! आमच्या घरी हा धंदाच होता. आजोबा झारेकरी, कोल्हापूरच्या गुजरीत सोनारांच्या दुकानातला केर विकत घेऊन धुवायचे. दुकानामागच्या मोरीच्या तोंडाशी ओलं गोणपाट पसरलेलं असायचं, हात धुतलेलं पाणी त्यावरूनच जायचं. रोज संध्याकाळी ते उचलून परातीत झटकायचे. रोज म्हणजे रोज, सण असो नाहीतर सुतक. मी एकदा विचारलं की आठवड्याने एकदम का नाही काढत, तर म्हणाले भरलेल्या गोणपाटाला भूक नसते. तेच तुमच्या मॅटचं झालं बघा. आणि दुसरं म्हणजे मोरीत पाणी थोडं आणि कायम सारखं असतं, ओढ्याला कोण सांगणार हळू ये म्हणून?

बेसाल्ट_बुवा
आजोबांचं वाक्य लिहून ठेवलं. मेंढीच्या कातड्याचंही असंच. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलंय की कॉकेशसमधले लोक डोंगरी ओढ्यांतलं सोनं भोकं पाडलेल्या पन्हाळींनी आणि लोकरीच्या कातड्यांनी धरतात. आजच्या जॉर्जियातला स्वानेती तो, सोनेरी लोकरीची दंतकथा यातूनच आली असं बरेच जण मानतात. हल्लीच्या स्लूस बॉक्समध्येही (वाळू धुवायची उतरती पन्हाळ) खाली केसाळ मॅट आणि वर आडव्या पट्ट्या असतात, पट्टीच्या मागे पाणी भोवरा घेतं आणि जड ते तिथे बसतं. पण स्लूसमध्ये माल चाळून, मोठे दगड काढून घालतात आणि पाणी व उतार आपण ठरवतो. फुकटात नदीवर सोडून चालत नाही ते हेच.

बाकी आळशीपणाने सोनं सापडल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण फोल्समकरांच्या शेजारीच आहे. कोलोमाला लाकडाच्या गिरणीचं पाणी बाहेर जायचा चर खोल करायचा होता, तर लोक दिवसा खणायचे आणि रात्रभर पाणी सोडून द्यायचे, गाळ आपोआप जावा म्हणून. २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी गिरणी बांधणारा जेम्स मार्शल बघायला गेला, माती वाहून गेली होती आणि जड ते खाली कातळावर चमकत होतं!

नियमवाला_नाना
रंगाचा बेरंग करतो, माफ करा. फोल्समकर, तुमच्या जवळचा बराचसा किनारा ऑबर्न स्टेट रिक्रिएशन एरियात येतो, तिथे फक्त हात आणि पॅन चालतं. मॅट नाही, स्लूस नाही, फावडंसुद्धा नाही. कोलोमालाही तेच, आणि तेही ठरलेल्या जागीच. शेवाळ खरवडायचा मोह तिथे अजिबात नको, पार्कमधली झाडंझुडपं ओरबाडायला बंदी असते. बाहेर सरकारी जमीन आहे पण तिथे कुणाचा क्लेम आहे का ते रेकॉर्ड बघूनच उतरा, दुसऱ्याच्या क्लेमवरून सोनं उचलणं ही चोरी धरतात. आणि पात्रात काही बसवायचं किंवा पाणी वळवायचं असेल तर राज्याच्या वन्यजीव खात्याला आधी कळवावं लागू शकतं.

अजून एक, हे लेकीसाठी खास. पॅनमध्ये चांदीसारखा पांढरा दाणा दिसला तर खुश होऊ नका, त्यावर पारा चढलेला असू शकतो. एकोणिसाव्या शतकात खाणवाले सोनं धरायला स्लूसमध्ये पारा ओतायचे, हजारो टन पारा इथल्या सिएरा नेवाडा डोंगरांतल्या नद्यांत गेला, तो अजून तळाला आहे. असा दाणा वेगळ्या बाटलीत ठेवायचा आणि घरी गॅसवर तापवायचा उद्योग चुकूनही करायचा नाही.

गुजरीचा_नातू
नानांना +१. आजोबाही पारा वापरायचे, मातीच्या मुशीत तापवायचे, आणि म्हातारपणी चहाचा कप धरताना हात थरथरायचे. आम्हाला वाटायचं वय झालं.

फोल्समकर
बापरे, हे माहीतच नव्हतं. सगळ्यांचे आभार. कार्पेट कॅन्सल, बायको नाराज.

शनिवारी ऑबर्नला जाऊन आलो. बुवांचं ‘जड ते खाली बसतं’ डोक्यात ठेवून, पाणी मंदावतं तो आतल्या वळणाचा खडीचा ढीग शोधला, त्याच्या वरच्या टोकाला म्हशीएवढा धोंडा होता, त्याच्या खालच्या अंगाला हाताने खडी उपसली. वरच्या तीन पॅनमध्ये काहीच नाही. मग लेक म्हणाली बाबा अजून खाली, तिचा हात बारीक, फटीत खांद्यापर्यंत घातला आणि मूठभर काळी वाळू काढली. त्या एका मुठीत सात ठिपके! सगळ्यात मोठा मोहरीच्या निम्मा असेल. सगळे पिवळे, पांढरा एकही नाही, नाना, दोनदा तपासलं.

आता छोट्या बाटलीत पाणी भरून ते फ्रीजवर ठेवलेत आणि येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला ती बाटली हलवून बघायची सक्ती आहे. काकू, तुमच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला विचाराल का, आम्ही दोघं आलो तर चालेल का? बादली आम्ही आणू.

सिएरा_काकू
मार्चमध्ये या, पाणी उतरल्यावर. बादल्या आहेत इथे, येताना भाकरी आणि ठेचा आणा.