वय ३८, सतत थकवा आणि चिडचिड, टेस्टोस्टेरॉन बूस्टर घेऊ का?

प्रश्न (अडतीस_चालू)

मंडळी, बरेच दिवस विचारू की नको चाललं होतं, आज विचारतोच. वय ३८, दिवसभर बैठं काम, वजन ८९ किलो, उंची ५ फूट ८ इंच. रात्री सात तास अंथरुणात असतो तरी सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटतच नाही, डोकं जड असतं, दुपारी मीटिंग चालू असताना डोळे मिटतात. बायको म्हणते घोरणं पण वाढलंय. शरीरसंबंधात पूर्वीसारखा रस राहिला नाही, पोट सुटलंय. जिम दोनदा लावली, दोन्ही वेळा पहिल्याच आठवड्यात अंग एवढं धरलं की जिना उतरता येईना, मग सुटली ती सुटलीच.

सगळ्यात जास्त लागलंय ते वेगळंच. परवा सहा वर्षांचा मुलगा चित्र दाखवायला आला, मी न बघताच त्याच्यावर खेकसलो. रडला नाही तो, फक्त चित्र पाठीमागे धरून भिंतीला टेकून उभा राहिला. ते डोळ्यासमोरून जात नाहीये.

मोबाईलवर जो तो सांगतोय की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी झालंय, पहाटे ५ ला उठा, गार पाण्याने अंघोळ करा, ते वाढवणारं बूस्टर घ्या. बूस्टर कार्टमध्ये टाकून ठेवलंय. कोणी घेतलंय का? फरक पडतो का?

प्रतिसाद (मास्कवाला)

मित्रा, ते कार्टमध्येच राहू दे. तुझ्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू ओझरतं लिहून पुढे गेलायस, बायको म्हणते घोरणं वाढलंय ते. मीही ४४ वर्षांचा होईपर्यंत घोरणं हसण्यावारीच नेत होतो आणि थकव्याचं खापर कामावर फोडत होतो.

स्लीप अ‍ॅप्निया म्हणून प्रकार असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू आपल्याला धक्का देऊन अर्धवट जागा करतो आणि श्वास परत सुरू होतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही, आपण समजतो सात तास मस्त झोपलो. श्वास थांबणं किंवा अर्धवट अडणं, कमीत कमी १० सेकंद, असं तासाला किती वेळा होतं ते मोजतात. ५ च्या आत असेल तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. माझे ३४ आले. म्हणजे साधारण दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर. बीपी का उतरत नव्हतं तेही तेव्हाच कळलं, कारण हा त्रास असला की बीपी वाढतं.

टेस्ट घरीच झाली, बोटाला सेन्सर, नाकाखाली नळी, छातीला पट्टा लावून झोपायचं बस. नंतर सीपॅप मशीन घेतलं. मला वाटायचं हे नवीन फॅड आहे, पण ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी १९८१ मध्येच हे दाखवून दिलंय. मास्कमधून हवेचा दाब देतात म्हणजे घसा बंदच होत नाही. खरं सांगतो, पहिले दोन आठवडे वाईट गेले. झोपेत मास्क ओढून फेकायचो, नाकाच्या हाडावर लाल वण उठला, शेवटी नाकपुड्यांपुरताच छोटा मास्क घेतला तेव्हा कुठे जमलं. आणि मग एक दिवस अलार्मच्या आधी जाग आली आणि डोकं हलकं होतं. मी पाच मिनिटं तसाच पलंगावर बसून राहिलो, किती वर्षांनी असं वाटत होतं ते आठवत.

तुला हेच असेल असं मी म्हणत नाही, पण आधी हे तपास. आणि तोपर्यंत दुपारी डोळे मिटत असतील तर गाडी चालवताना फार जप.

प्रतिसाद (शेजारची_उशी)

दादा, एक बाई म्हणून सांगते, बायकोला नीट विचारा की घोरताना मध्येच आवाज बंद होतो का. माझ्या नवऱ्याचं घोरणं थांबलं की मला आधी बरं वाटायचं, चला आता झोपता येईल. एका रात्री सहज लक्ष दिलं तर छाती वरखाली होत होती पण नाकातोंडातून श्वासच नाही. मी मोबाईलवर सेकंद मोजले, २६ झाले, आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसा मोठा हुंदका देऊन श्वास घेतला. हात गार पडले माझे. त्याला सांगितलं तर म्हणाला काहीतरीच काय, मग व्हिडिओ काढून दाखवला तेव्हा गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून अपॉइंटमेंट घेतली. तुमच्या बायकोलाही एक रात्र रेकॉर्ड करायला सांगा, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतं.

प्रतिसाद (लॅबमधला)

टेस्टोस्टेरॉनचं म्हणत असाल तर रक्त तपासा ना, अंदाज कशाला. सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी द्यायचं कारण सकाळी पातळी जास्त असते आणि दिवसभर उतरत जाते. संध्याकाळी दिलेल्या एका रिपोर्टवरून काही ठरवू नका, कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी परत करून खात्री करतात. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी १२ पण बघून घ्या, थकवा यातल्या कशानेही येतो.

आणि झोपेचा याच्याशी थेट संबंध आहे. २०११ च्या एका अभ्यासात धडधाकट तरुणांना आठवडाभर रोज ५ च तास झोपू दिलं तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घसरलं होतं, म्हणून रात्री साडेबाराला झोपून पहाटे ५ ला उठण्याचा सल्ला मला घातक वाटतो. कोणी इंजेक्शन सुचवलं तर अजून एक मूल हवंय का ते आधी ठरवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं आणि शुक्राणू खूप कमी होतात, कधीकधी शून्यावर येतात. हे जाहिरातीत कोणी सांगत नाही याचा मला मनापासून राग आहे.

प्रतिसाद (दोन_सेट)

जिमबद्दल बोलतो. तुम्ही आळशी नाही, पहिल्याच दिवशी जास्त केलंत एवढंच. सवय नसलेला व्यायाम केला की दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, म्हणून आजचा व्यायाम जड झाला का ते आज कळतच नाही. आठवड्यातून दोनच दिवस जा, एका व्यायामाचे एक-दोन सेट, आणि अजून तीन वेळा उचलता येईल असं वाटतंय तिथेच वजन खाली ठेवा. पहिला महिना घरी जाताना काहीच केलं नाही असं वाटलं पाहिजे. बाकीचे दिवस भरभर चाला, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला कमीत कमी १५० मिनिटं सांगते, ती १०-१० मिनिटांनी भरली तरी चालतात. वजनकाट्यापेक्षा कमरेला टेप लावा, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे तुमच्यासाठी साधारण ८६ सेंमी. वजन उतरलं तर बऱ्याच जणांचं घोरणंही कमी होतं.

प्रतिसाद (उशिरा_आलेला)

सगळ्यांचं पटतंय पण एक राहिलं. पुरुषांमध्ये डिप्रेशन कित्येकदा रडण्यातून नाही तर चिडचिडीतून दिसतं, माझं तसंच होतं आणि मी दोन वर्षं त्याला स्वभाव म्हणत राहिलो. डॉक्टरकडे जाल तेव्हा मुलावर खेकसलो हेही सांगा, फक्त थकवा थकवा करू नका. आणि मुलाची माफी रिपोर्ट यायच्या आधी मागा.

प्रश्नकर्ता (अडतीस_चालू)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बायकोने रेकॉर्ड केलं. चार तासांच्या आवाजात मी फक्त पहिली वीस मिनिटं ऐकली, त्यात पाच वेळा आवाज पूर्ण थांबतो आणि मग तो हुंदका. मास्कवाला दादा, तुम्ही लिहिलंय अगदी तस्सं. ती शेजारी बसून ऐकत होती, म्हणाली मला रोज हेच ऐकू येतं. गुरुवारची वेळ घेतलीय, रक्त त्याच दिवशी सकाळी देणार आहे. बूस्टर कार्टमधून काढलं.

मुलाला म्हटलं त्या दिवशी मी चुकलो, चित्र दाखवशील का. आणलं त्याने. घर आहे, आई आहे, तो आहे, आणि मी पलंगावर झोपलेलो आहे.