देवगड: सर्व्हरला नेट नाही, पोस्टग्रेस चढत नाही (डेबियन १२)

सडेकर:
काकांच्या आंबा पॅकिंग शेडमध्ये पेट्यांच्या हिशोबासाठी जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय. शेड खाडीकडेला खळग्यात, तिथे रेंज औषधालाही नाही. रेंज हवी तर सड्यावर (वरच्या पठारावर), स्कूटरने दहा मिनिटं. लॅपटॉपवर उबंटू २४.०४ (दुसरं लिनक्स) आहे. त्यावर पोस्टग्रेस या डेटाबेसची डेब फाइल (बसवायचं पॅकेज) उतरवून पेनड्राइव्हने आणली, तर लिबपीक्यू५ हे आणखी एक पॅकेज हवं म्हणाला. परत सड्यावर. तेही आणलं, तर आता लिबसी६ २.३८ मागतोय, डेस्कटॉपवर २.३६ आहे. लिबसी६ पण आणून टाकू का? पाडव्याला पहिल्या पेट्या जातात, त्याआधी हे चालायला हवं. काका रोज विचारतात, "कॉम्प्युटर अजून शिकतोय काय?"

मालवणी_टर्मिनल:
रे मेल्या, तेका हात लावू नको! लिबसी६ ही मूळ लायब्ररी, तिच्यावर अख्खी सिस्टिम उभी आहे. उबंटूचं लिबसी डेबियनवर चढवलंस तर फाइलींची यादी दाखवणारी साधी एलएस आज्ञासुद्धा चालेल की नाही सांगता येत नाही. तुझी चूक पहिल्याच फेरीत झालीय. उबंटूच्या फाइली डेबियनला कशाला?

सडेकर:
दोन्हीकडे डेबच असतं ना, म्हणून. बरं, लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरातला आभासी कॉम्प्युटर) डेबियन १२ घालून तिथे एपीटीला (नेटवरून पॅकेज आणणारी आज्ञा) 'डाउनलोड-ओन्ली', म्हणजे फक्त उतरव, बसवू नको, असं देऊन बघतो.

सडेकर:
केलं. लिबसीची कटकट गेली, पण शेडमध्ये एसएसएल-सर्ट हे पॅकेज नाही म्हणतोय. उतरवलेल्यांत ती फाइलच नाही! आज तिसरी फेरी, वर पेट्रोल.

जैतापूरची:
नसणारच. तुमच्या व्हर्च्युअल मशीनवर ते पॅकेज आधीपासून असणार. एपीटी फक्त त्या मशीनवर जे नाही तेच उतरवतं, शेडमध्ये काय आहे ते त्याला कुठून कळणार? मग ते सांगा. शेडमधल्या डेस्कटॉपवर व्हार-लिब-डीपीकेजी या फोल्डरात 'स्टेटस' नावाची फाइल असते, बसवलेल्या सगळ्या पॅकेजची खानेसुमारीच. ती पेनड्राइव्हवर घ्या. व्हर्च्युअल मशीनवर आधी एपीटी अपडेट, मग एपीटी-गेटला मायनस ओ लावून 'डीर::स्टेट::स्टेटस' म्हणून त्या फाइलचा पत्ता द्या, सोबत डाउनलोड-ओन्ली. आता तो शेडच्या नजरेने हिशोब करेल. व्हर्च्युअल मशीनच्या कॅशमधल्या जुन्या फाइली आधी 'क्लीन'ने काढा, नाहीतर कुठली कशासाठी ते कळणार नाही. दोन्ही मशीन एएमडी६४ (६४-बिट) आहेत ना, तेवढं बघा.

आणि शेडमध्ये एकेक फाइल डीपीकेजीला (पॅकेज बसवणारी आज्ञा) देत बसू नका. सगळ्या एका फोल्डरमध्ये ठेवून एकदम द्या, क्रम तो लावतो. हे वारंवार करायचं असेल तर एपीटी-ऑफलाइन हे साधन बघा. पण आधी तेच शेडमध्ये चढवावं लागतं, एकदाच्या कामाला एवढा खटाटोप नको.

मालवणी_टर्मिनल:
आणि आधी चढवलेलं उबंटूचं लिबपीक्यू५ अर्धवट लटकलं असेल. स्टेटस फाइल घेण्याआधी ते काढ. नाहीतर त्याची नोंदही सोबत जाईल आणि एपीटी तिथेच अडून बसेल.

सडेकर:
लटकलं होतंच. डीपीकेजीने उडवलं, मग फाइल नेली. एका फेरीत सगळं आलं, पोस्टग्रेस १५ चालू. काका म्हणाले, "झालं ना? मग आता पेट्यांना पेंढा घालायला ये."