चाळीतला कांदा वरून टणक, आतून चिकट. काय प्रकार आहे?

साक्रीकर:
राम राम मंडळी. उन्हाळ कांदा एप्रिलच्या शेवटी काढून चाळीत टाकला, आता दोन महिने झाले अन् चाळीजवळ गेलं की आंबट वास येतोय, व्हिनेगर सांडल्यासारखा. वरून बघा तर कांदा एकदम टणक, पण बुडाकडून दाबला की मानेतून गाभा सुळकन बाहेर येतो अन् मधले एक-दोन पापुद्रे पिवळट तपकिरी, चिकट. काजळी मला माहितीय, ती काळी पावडर, हे ते नाही. काढणीच्या तोंडावर दोन दिवस अवकाळी झाला होता. चाळीत बुरशीनाशक मारू का?

धुळ्याचा_भो:
भो, अजिबात मारू नको, खावाना माल शे तो! अन् ही बुरशी वाटत नाही, लक्षणं बॅक्टेरियाची आहेत, बुरशीनाशकाने त्याला काही फरक पडत नाही. नाव बर्खोल्डेरिया सेपेशिया. १९५० मध्ये अमेरिकेत बर्खोल्डर नावाच्या शास्त्रज्ञाने सडक्या कांद्यातूनच शोधला, सेपेशिया म्हणजे कांद्याचाच. पातीवर पाणी पडलं की ते मानेत उतरतं, किंवा पात हिरवी असतानाच कापली तर कापल्या जागेतून आत शिरतो, मग ज्या पानातून शिरला त्याच पापुद्र्यात सडत जातो, म्हणून शेजारचा पापुद्रा ठणठणीत दिसतो. तिशीच्या वर तापमान त्याला मानवतं, अन् आपल्याकडचा मे तर माहितीच आहे.

शेतकरी_चोपडा:
चुना टाका चाळीत, आमचे आजोबा टाकायचे.

धुळ्याचा_भो:
चुन्याने खालची ओल थोडी कमी होईल दादा, पण कांद्याच्या आत बसलेल्याला काय होणार.

पाचोऱ्याची_ताई:
शेतातलं मला कळत नाही पण घरातलं सांगते. मेथी, कोथिंबीर आणली की धुऊन ओलीच पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचे, तीन दिवसात लगदा. नंतर वाचलं की स्युडोमोनास नावाचे बॅक्टेरिया फ्रीजच्या थंडीतही वाढतात, अन् हे सडवणारे पेशींना धरून ठेवणारं पेक्टिनच विरघळवतात म्हणून पान असं गळून जातं. आता न धुता, कागदात गुंडाळून ठेवते, वापरायच्या वेळी धुते. लिंबाचं मात्र असं होत नाही, आंबटपणात बॅक्टेरियांचं फारसं चालत नाही, लिंबाला लागते ती बुरशीच.

धुळ्याचा_भो:
बरोबर ताई. साक्रीकर, आता करायचं एवढंच की थर मोकळा कर, एकेक कांद्याची मान दाबून बघ, मऊ लागला की बाजूला, अन् तो उकिरड्यावर फेक, वावरात परत नको. चाळीच्या खालून वारा खेळतोय ना बघ. पुढच्या वर्षी पंधरा दिवस आधी पाणी तोड, युरिया उशिरा देऊ नको (मान जाड राहते, सुकतच नाही), पातीसकट सुकव अन् मान चांगली वाळल्यावर इंचभर ठेवून काप.

साक्रीकर:
काल निम्मी चाळ उपसली. खराब निघाला तो जवळजवळ सगळा पश्चिमेकडच्या तुकड्यातला, तिथं पाऊस येतोय म्हणून पात हिरवी असतानाच कापून घेतली होती. मजूर म्हणत होते दोन दिवस थांबा, मीच थांबलो नाही. उरलेला बरा वाटतोय, तो आता ठेवू का लगेच विकू?

धुळ्याचा_भो:
पश्चिमेचा आधी विक, बाकीचा राहू दे.