दहा शेळ्या आणि एक बोकड: जोडधंदा की दुसरी टांगती तलवार?

जिरायती: "सोयाबीनवर विसंबू नका, १० शेळ्या + १ बोकड घ्या, वर्षात पैसाच पैसा" ही पोस्ट गेले चार दिवस फिरतेय. लिहिणाऱ्याने चाऱ्याचं गणित मांडलंय का? मोठ्या शेळीला रोज ३-४ किलो हिरवा आणि किलोभर सुका चारा लागतो. गाभण काळ ५ महिने, पिल्लू विक्रीला यायला आणखी ८-९. म्हणजे पहिला पैसा चौदाव्या महिन्यात. आणि ज्या साली पाऊस दडी मारतो, त्या साली सोयाबीन जातं आणि चाराही जातो. एकाच पावसावर दोन धंदे टांगले तर जोखीम वाटली कुठे?

गोठ्यातून: मुरघास, म्हणजे हवाबंद साठवलेला हिरवा चारा, कशासाठी असतो मग? मका दाणा चिकात असताना कापा, दोन सेंमी कुट्टी करा, बॅगेत दाबून हवा काढा, ४५ दिवसांनी उघडा. उस्मानाबादी जातीची शेळी काटक आहे, जुळीही देते. बहुतेक युनिट चाऱ्यामुळे नाही, पावसाळ्याआधी आंत्रविषार आणि पीपीआर या जीवघेण्या रोगांची लस चुकवल्यामुळे बंद पडतात.

तुतीवाला: शेळ्यांपेक्षा रेशीम बघा. चॉकी, म्हणजे रेशीमकिड्याच्या लहान अळ्या, आणून तुतीच्या पाल्यावर वाढवायच्या; साडेतीन आठवड्यांत कोष. १०० अंडीपुंजांना (एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज) ६०-७० किलो निघतात, जालन्यात कोष बाजारही आहे. पण शेजारी सोयाबीनवाला अळीच्या ऐन पाचव्या, शेवटच्या अवस्थेत फवारतो! एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त पाला अळी तेव्हाच खाते. पायरीप्रॉक्सीफेनसारखं औषध पाल्यावर बसलं तर अळी मरत नाही, नुसती खात राहते आणि कोषच करत नाही. आठवडाभराची मजुरी आणि अख्खी बॅच पाण्यात.

जिरायती: म्हणजे आम्ही सोयाबीनवरची खोडमाशी, चक्रीभुंगा बघत बसायचं? तुमच्या अळीसाठी आमचं पीक सोडायचं? बांधाला लागून तुती तुम्ही लावली.

तुतीवाला: फवारू नका असं कोण म्हणतंय? आदल्या दिवशी एक फोन करा, सकाळी वारा पडलेला असताना मारा. एवढंही जड जातं?

गोठ्यातून: फोनवर भागत नाही. बांधाला शेवरीच्या दाट दोन ओळी लावा, आणि कडेचा पाला आधी ४०-५० अळ्यांना दिवसभर घालून बघा; अळी न मारणारं पायरीप्रॉक्सीफेन मात्र त्यात कळत नाही. पाला धुऊन उपयोग नाही, आंतरप्रवाही औषध पानाच्या आत असतं.

जिरायती: फोनचं मान्य. शेवरी मात्र तुमच्या बाजूने लावा, सावली माझ्या पिकावर नको. आणि मुरघासवाल्यांनो, बॅगेला भोक पडून बुरशी धरली तर तेवढा थर फेका. तो खाऊन शेळी एकाच बाजूला गोल फिरायला लागते, लिस्टेरिओसिस म्हणतात त्याला. तेव्हा उपचाराला बहुतेकदा उशीर झालेला असतो.

गोठ्यातून: हे बरोबर आहे. भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी लावायची, उंदरांचा बंदोबस्त आधी. पण चाऱ्यावाचून शेळी घेऊ नये, हे तुमचं म्हणणं मी खोडलंच नव्हतं. आधी चाऱ्याचा मका, मग शेळी.

जिरायती: मग त्या पोस्टखाली हेच लिहा. तिथे लोक कर्ज काढायला निघालेत.