मोबाइलमध्ये कपडे घालून बघितलेत का? अनुभव सांगा

शेवंती:
गेल्या महिन्यात भाचीने माझा फोटो मोबाइलवरच्या, कपडे अंगावर घालून दाखवणाऱ्या ॲपमध्ये टाकला आणि अर्ध्या मिनिटात मी निळ्या जॅकेटात उभी! चेहरा माझाच, उभं राहायची ढबही माझीच. आणि एकदम आई आठवली. दुकानात ती कपडा पाठीला लावायची, शिवण खांद्यावर येते का ते बोटाने चाचपायची, मग म्हणायची, "हात वर कर, आता वाक, बस बघू." जॅकेट मागवलं. दिसायला हुबेहूब, पण हात पुढे केला की मुंढ्यात आवळतं. तुमचं काय?

सुईदोरा:
मुंढाच! शिवणकाम करते म्हणून सांगते, ते चित्र म्हणजे कपड्याचा फोटो तुमच्या फोटोवर बेतलेला. मी मीडियम निवडलं, मग लार्ज, दोन्ही वेळा चित्र तेच. कापड किती ताणतं ते त्यात कुठून कळणार? घरातला नीट बसणारा कपडा सपाट पसरा, टेपने मोजा आणि ती मापं विकणाऱ्याने दिलेल्या मापांशी ताडून बघा.

पारवा:
चष्म्याला मस्त चालतं. मान वळवली तरी फ्रेम नाकावरून हलत नाही. बाबांनी घरबसल्या निवडली. गुडघ्यामुळे त्यांना जिना उतरवत नाही.

चांदणवेल:
माझी कंबर परस्पर बारीक केली ॲपने. फार राग आला. मला स्वतःलाच बघायचं होतं.

गवतफूल:
मी व्हीलचेअरवर असते. बसलेला फोटो टाकला तर ड्रेसचा घेर खुर्चीच्या हातात मिसळून गेला. पँट बसल्यावर मागून खाली सरकते का, एवढंच मला कळायला हवं असतं. कोणीतरी हे करा हो.

शेवंती:
गवतफूल, खरंच करायला हवं. आईचं "बस बघू" तेच होतं.

कंदील:
जपानच्या झोझो या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीने 2018 मध्ये ठिपक्यांचा अंगाला घट्ट बसणारा सूट आणला होता. तो घालून फोनसमोर गोल फिरायचं, की अंगाची मापं मिळायची. गुगलने 2023 मध्ये अमेरिकेत सुरुवात केली ती वेगवेगळ्या मापांच्या मॉडेलवर टॉप दाखवून. स्वतःचा फोटो टाकायची सोय 2025 ची. चित्र सुधारलं, माप मागेच राहिलं असं मला वाटतं.

चांदणवेल:
आणि आपल्या फोटोचं पुढे काय होतं? मी ॲपमधून काढून टाकला.

सुईदोरा:
पारवा, बाबांना सांग, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. कठडा सोडायचा नाही.

पारवा:
सांगतो ताई, आत्ताच.