मदत हवी आहे: बाहुली मोठी करण्याचे थेंब आणि दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांची मापं

नमस्कार मंडळी. ऑप्टोमेट्रीच्या प्रबंधासाठी मी मधुमेही रुग्णांच्या फंडस फोटोंवरून (डोळ्याच्या मागच्या आतल्या पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे फोटो) धमनिका (बारीक धमन्या) आणि शिरांची रुंदी मोजते आहे. पद्धत नेहमीचीच: ऑप्टिक डिस्कच्या (दृष्टिनस डोळ्यात शिरते ती गोल जागा) कडेपासून अर्धा ते एक डिस्क-व्यास अंतरावरचा पट्टा, त्यातल्या सहा मोठ्या धमनिका, सहा मोठ्या शिरा आणि या सहा-सहा रुंदींचा मिळून एकेक आकडा काढणारं नडसन यांचं २००३ चं सूत्र.

अडचण अशी की काही फोटो थेंब न घालता काढलेत, तर काही ट्रोपिकामाइड आणि फिनाइलएफ्रिन या बाहुली मोठी करणाऱ्या दोन औषधांचे एकत्रित थेंब घालून. फिनाइलएफ्रिन मुळात रक्तवाहिन्या आकुंचित करणारं औषध. ते दृष्टिपटलापर्यंत पोचून धमनिका बारीक करतं का? दुसरीकडे, लहान बाहुलीतून, त्यात मोतीबिंदूही असेल तर, फोटो अंधुक येतो, वाहिनीची कड पसरते आणि सॉफ्टवेअर ती रुंद मोजतं. दोन्ही कारणं एकाच दिशेला ओढतात! थेंबांशिवायच्या डोळ्यात वाहिनी रुंद दिसली तर श्रेय कुणाला द्यायचं?

धमनिका-शिरा गुणोत्तरानेही (धमनिकांची रुंदी भागिले शिरांची, एरवी १ पेक्षा कमी) हे सुटत नाही असं मला वाटतं, कारण दोघींना सारखाच धूसरपणा चिकटला तर गुणोत्तर १ कडे सरकेल. आणि फक्त धमनिका आकुंचन पावत असतील तरी थेंबांशिवायचं गुणोत्तर जास्तच दिसणार.

कुणी एकाच डोळ्याचे थेंबांआधीचे आणि नंतरचे फोटो मोजले आहेत का? की नुसतं ट्रोपिकामाइड वापरून पुन्हा फोटो घ्यावेत? दोन्ही गट एकत्र करण्याची माझी हिंमत होत नाही. संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनीही कृपया सांगावं.