रोज एक तास प्रार्थनेला बसते, पण दहा मिनिटांनंतर मन टिकत नाही. काय करू? (घणसोली)

घणसोली_सेक्टर९

सगळ्यांना जय येशू. बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज विचारतेच. लेंट (ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ) सुरू व्हायच्या आधी आमच्या मंडळीत पाळकसाहेबांनी विचारलं की चाळीस दिवस रोज एक तास एकांतात प्रार्थनेला कोण देणार, आणि मी हात वर केला. मनापासून केला. लग्नाआधी माहेरी, संगमनेरला, मी अंगणात बसून तास तास प्रार्थना करायचे, वेळ कसा जायचा कळायचं नाही, म्हणून वाटलं जमेल.

आता घर वन बीएचके, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. हॉलमध्ये सासूबाई आणि मुलगा झोपतात, बेडरूममध्ये आम्ही आणि धाकटी, म्हणजे मला उरतं किचन. पावणेपाचला उठते, दार लोटून घेते आणि ड्राय बाल्कनीच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसते. पहिली दहा मिनिटं खरंच छान जातात. स्तुती होते, आभार मानून होतात, घरच्यांची नावं घेऊन होतात आणि मग सुरू होतं, डब्याला काय द्यायचं, इडलीचं पीठ फुगलं का, मार्च एंड आहे (रबाळेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे मी) तर ती बिलं अजून जुळली नाहीयेत, भावाने नेलेले पैसे, मुलाचे पासपोर्ट साइज फोटो शाळेत द्यायचेत. भानावर येते तेव्हा पंचवीस मिनिटं झालेली असतात आणि त्यातली पंधरा मी देवासमोर नव्हतेच. परत सुरुवात करते, परत तेच. सव्वापाचला पाणी येतं, खाली मोटर सुरू होते आणि उरलेला वेळ मी नुसती ती मोटर ऐकत बसते.

धरलं जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू त्याच्या शिष्याला, पेत्राला म्हणाला ना, घटकाभरसुद्धा माझ्याबरोबर जागवलं नाही का तुमच्याने, ते डोक्यात फिरत राहतं आणि रडू येतं. मला खरंच त्याच्याजवळ बसायचंय हो. कुणी रोज बसत असेल तर नेमकं काय करता ते सांगा. 'मन एकाग्र करा' एवढंच नको, ते मला माहितीये आणि तेच जमत नाहीये.

ऐरोली_गाव

ताई, बायबल मोबाइलवर वाचता का? तसं असेल तर ते आधी बंद करा. मी पण वाचायचो, एक वचन उघडायचं आणि वरून ऑफिसच्या ग्रुपचा मेसेज टपकायचा, फ्लाइट मोडवर टाकला तरी बोट आपोआप भलतीकडे जायचं. आता मोबाइल चार्जिंगला हॉलमध्ये आणि हातात छापील पवित्र शास्त्र, निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

घणसोली_सेक्टर९

हो, मोबाइलवरच वाचते. किचनचा लाइट लावला की दाराच्या काचेतून उजेड थेट सासूबाईंच्या तोंडावर जातो, त्यांना मग परत झोप लागत नाही.

ऐरोली_गाव

पुस्तकाला क्लिपने लावायचा छोटा एलईडी लाइट मिळतो बघा स्टेशनरीच्या दुकानात, मुलं अभ्यासाला घेतात तो. उजेड पानापुरताच पडतो. आणि सोबत एक वही ठेवा, 'पीठ', 'फोटो', 'बिलं' असं जे आठवेल ते एका शब्दात लिहून टाकायचं. लिहिलं की डोकं ते सोडून देतं, विसरायची भीती राहत नाही ना.

वर्तकनगरचा_काका

ताई, मी ६७ वर्षांचा आहे, वागळे इस्टेटला नोकरी केली, आता रिटायर. तुमचा प्रश्न वाचून मला मार्टिन ल्यूथरचा, म्हणजे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या जर्मन धर्मसुधारकाचा न्हावी आठवला. पेटर त्याचं नाव. त्याने ल्यूथरला विचारलं की प्रार्थना कशी करू, आणि ल्यूथरने १५३५ मध्ये त्याच्यासाठी एक छोटी पुस्तिकाच लिहून दिली. त्यात उदाहरण दिलंय ते न्हाव्याच्याच धंद्यातलं, की चांगल्या न्हाव्याचं मन आणि डोळे वस्तऱ्यावर आणि केसांवर असतात, कुठपर्यंत आलो हे तो विसरत नाही, कारण गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचं नाक नाहीतर गळाच कापेल. म्हणजे बघा, पाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका साध्या कारागिराला हेच विचारावं लागलं जे तुम्ही घणसोलीत बसून विचारताय. मला ह्याचा फार आधार वाटतो.

पण नुसतं लक्ष ठेव म्हणून तो थांबला नाही, न्हाव्याच्या हातात काहीतरी दिलं. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारा पाठ), ह्यातलं काहीही घे, एकेक आज्ञा पुढे ठेव आणि तिचे चार पदर कर, ही मला काय शिकवते, हिच्याबद्दल देवाचे आभार कशाचे, हिच्यात माझं काय चुकलं, आणि आता काय मागू. चार पदरांची वेणी घालावी तसं. आणि मधेच एखाद्या ठिकाणी मन पेटलं तर पुढचं सगळं सोड, तिथेच थांब, पवित्र आत्मा बोलायला लागला की आपण गप्प बसायचं, असंही तो सांगतो.

मी आज्ञांऐवजी प्रभूच्या प्रार्थनेची एकच ओळ घेतो. आमची कंपनी बंद पडली ते वर्ष मी 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ह्या एका ओळीवर काढलं. काय शिकवते, तर 'आज'. पुढच्या महिन्याचं नाही. आभार कशाचे, तर बायको तेव्हा शिवणकाम करायची आणि त्यातून डाळ-तांदूळ यायचं. चुकलं काय, तर मी ज्यांच्यावर राग धरून होतो त्यांची नावं. असं करता करता अर्धा तास कधी गेला कळायचं नाही. तुमची दहा मिनिटं छान जातात कारण तेवढ्यापुरतं तुमच्याकडे सामान असतं, नंतर हात रिकामे होतात, आणि रिकाम्या हाताला डबा आणि बिलंच लागणार ना.

अजून एक, मनातल्या मनात करू नका. बायबलमधल्या हन्नासारखे ओठ हलू द्या. तिचे नुसते ओठ हलताना बघून एली याजकाला वाटलं ही प्यायलीय, पण देवाने ऐकलंच की. पुटपुटलं की मन जिभेला बांधलं जातं. सुरुवात नारायण वामन टिळकांच्या एखाद्या भजनाने करून बघा, हळू आवाजात, दोन कडवी पुरेत. मी बसून पेंगायला लागलो की उपवनला जातो आणि तलावाला फेऱ्या मारत तोंडाने बोलत राहतो. पहाटे तिथे सगळेच आपापल्या तंद्रीत चालत असतात, कुणी बघत नाही.

कामोठे_०७

माझं मत थोडं वेगळं आहे. तासाचा हट्ट कशाला? लहान मुलं, नोकरी, सासूबाई, एवढं असताना वीस मिनिटं मनापासून झाली तरी खूप झालं. देव घड्याळ लावून बसलेला नाही. तुम्ही स्वतःला फार कोसताय ताई.

कोपरीची_मावशी

कामोठेवाल्या भावाचं मन चांगलं आहे, पण मला हे अर्धंच पटतं. आम्ही कॅथलिक, आमच्या रिट्रीटला (एकांत-प्रार्थनेच्या शिबिराला) जेझुइट फादर सांगायचे की त्यांच्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस ह्यांचा सल्ला उलटा आहे. मन कोरडं पडलं, उठून जावंसं वाटलं, की ठरवलेल्या वेळेपेक्षा थोडंसं जास्तच बसायचं, म्हणजे उठायची घाई आपल्यावर राज्य करत नाही. मी करून पाहिलंय. ती शेवटची दोन मिनिटं कधीकधी सगळ्या तासापेक्षा खरी असतात. तासाचा शब्द दिला असेल तर ठेव पोरी, पण तो तास कसा असायला हवा ह्याचं चित्र मनातून काढून टाक.

आविलाची संत तेरेजा माहिती असेल, प्रार्थनेची एवढी मोठी गुरू. तिने स्वतः लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं तिचं अर्धं लक्ष प्रार्थनेची वेळ कधी संपते आणि घड्याळाचे टोले कधी पडतात ह्याच्याकडेच असायचं. अठरा वर्षं ती हातात पुस्तक घेतल्याशिवाय प्रार्थनेला बसायला धजली नाही, कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घेतल्यानंतरची वेळ सोडून. पुस्तक उघडायची सुद्धा नाही कधीकधी, नुसतं जवळ असलं की धीर यायचा. तेव्हा तुझी मोटर आणि तिचे टोले, एकच गोष्ट आहे.

आणि संत फ्रान्सिस दे सालेस शिकवायचे की मन भटकलं तर त्याला हळूच, प्रेमाने परत प्रभूजवळ आणून बसवायचं. सगळा तास नुसतं आणून बसवण्यातच गेला तरी तो वाया गेला नाही. हळूच म्हणजे हळूच हं, फरफटत नाही. लहान मूल दाराबाहेर पळालं तर आपण उचलून आणतो, प्रत्येक वेळी मारत नाही.

आता खरं बोलते, रागावू नकोस. तू भटकणाऱ्या विचारांची यादी दिलीस त्यात पीठ आहे, फोटो आहेत, बिलं आहेत, आणि त्यांच्या मधोमध 'भावाने नेलेले पैसे' आहेत. मी तुझी पोस्ट दोनदा वाचली. पीठ वहीत लिहिलं की जाईल, हे जाणार नाही. आमच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, २७२९ व्या परिच्छेदात सांगितलंय की विक्षेपांच्या मागे शिकारीला धावलं तर आपणच त्यांच्या सापळ्यात सापडतो, आणि मन कुठे पळतं त्यावरून ते कशात गुंतलंय ते कळतं. तुझं मन पळून जात नसेल कदाचित. ते तुला धरून कुठेतरी नेत असेल, आणि तू प्रार्थना करायचीय म्हणून त्याला परत ओढून आणतेयस.

माझी आई गावठाणातल्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी माळ करायची, म्हणजे जपमाळेचे मणी ओढत प्रार्थना म्हणायची. माझा भाऊ घर सोडून गेला त्या वर्षी ती एका मण्यावर अडकायची, अंगठा त्या मण्यावर तसाच, पुढे सरकायचाच नाही, आणि बाकीच्या बाया तिच्यासाठी थांबून राहायच्या. कुणी तिला म्हटलं नाही की तुझं लक्ष नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन, मला तो अंगठा अजून दिसतो.

नेरूळ_नाइटशिफ्ट

मी नर्स आहे, ठाण्याला नाइट करते आणि सकाळच्या ट्रान्सहार्बर लोकलने घरी येते. मला एक तास एकत्र मिळतच नाही, म्हणून मी बायबलमधलं स्तोत्र ११९ घेतलंय. १७६ वचनं आहेत, पण हिब्रू अक्षरांप्रमाणे ८-८ वचनांचे २२ भाग आहेत. ठाणे ते नेरूळ एक भाग, तीन वेळा वाचते, मग डोळे मिटून त्यातलं एकच वचन तोंडात घोळवते, गाडी कोपरखैरणेला पोचेपर्यंत बाकीचे आवाज लांब गेलेले असतात. झोप लागली तर लागू देते. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली झोपला तेव्हा दूताने त्याला आधी भाकर दिली, पाणी दिलं आणि परत झोपू दिलं, प्रश्न नंतर विचारले. ताई, तुम्ही किती वाजता झोपता? पावणेपाचला उठताय आणि बारा वाजता झोपत असाल तर हा मनाचा प्रश्न कमी आणि झोपेचा जास्त आहे.

घणसोली_सेक्टर९

साडेअकरा होतात. तुमचं बरोबर आहे, हे लक्षातच घेतलं नव्हतं.

मावशी, तुमचं वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले होते थोडा वेळ. दोन वर्षांपूर्वी त्याने आईच्या ऑपरेशनसाठी म्हणून पैसे नेले, आई वाचली नाही, आणि नंतर हिशोबावरून आमच्यात असं काही बोलणं झालं की आठ महिने फोन नाही. मला पैसे नकोयत. पण मी प्रार्थनेत 'माझ्या भावाला आशीर्वाद दे' एवढं म्हणून पटकन पुढे जाते, तिथे थांबतच नाही. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' ही ओळ काकांच्या पद्धतीने घ्यायचा विचार आहे, पण भीती वाटते.

वर्तकनगरचा_काका

भीती वाटते हेच आधी सांगा त्याला. चार पदर नंतर. शब्द फुटले नाहीत तर नुसत्या बसा, रोमकरांस पत्रात आठव्या अध्यायात आहे ना, आपल्याला मागता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हतो. मी उद्या पहाटे उपवनला तुमच्यासाठी आणि भावासाठी एक फेरी ठेवतो.

कोपरीची_मावशी

मी पण. पहिल्या शुक्रवारी आराधनेला बसेन तेव्हा तुम्हा दोघांना घेऊन बसेन.

घणसोली_सेक्टर९

ईस्टर होऊन आठवडा झाला, इथे सांगायचं राहिलं होतं. आता साडेदहाला झोपते, भांडी हे घासतात. छापील बायबल आणि क्लिपचा लाइट घेतला. मन अजून भटकतं, खोटं कशाला सांगू, पण वहीत एक शब्द लिहिते आणि परत येते, एकदा मोजलं तर तासात एकोणीस वेळा परत आले होते. पूर्वी मी भटकणं मोजायचे.

ऋणाच्या ओळीवर नऊ दिवस बसले. पहिले तीन दिवस नुसता राग निघाला, तोंडाने पुटपुटत होते म्हणून माझा मलाच ऐकू आला, एवढा असेल असं वाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी आईच्या हॉस्पिटलच्या बाहेर तो फुटपाथवर बसून वडापाव खात होता आणि त्याने अर्धा मला दिला होता ते आठवलं, आणि त्या दिवशी मोटर सुरू झालेली मला कळलीच नाही. गुड फ्रायडेला फोन केला. उचलला नाही. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, शब्द काही नाहीत, आमच्या अंगणातल्या लिंबाचा फोटो, लिंबं लागलीयत. मी तो बघतेय रोज, उद्या परत फोन करणार आहे, प्रार्थना करा.

आणि एक विचारायचं होतं. सासूबाईंना कळलंय, त्या म्हणाल्या मला पण उठव, मी गप्प बसेन. आता आम्ही दोघी बसतो, त्या खुर्चीवर, मी पाटावर. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मोठ्या टायपातलं मराठी बायबल ठाण्यात किंवा वाशीत कुठे मिळेल?